आत पिक्चर ट्यूब असलेला जुना मॅकिंटॉश उघडताना शॉक कुठे लागतो आणि तो कसा टाळायचा

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक भीती हमखास ऐकू येते: "त्या ट्यूबमध्ये बारा हजार व्होल्ट असतात, हात लावला की माणूस संपला." ट्यूबमध्ये बारा हजार व्होल्ट असतात हे खरं आहे. पण या भीतीमुळे लोक ट्यूबपासून हात लांब ठेवतात आणि तोच हात शेजारच्या बोर्डावर बिनधास्त टेकवतात. त्या बोर्डावर घरच्या मेन्सवरून थेट चार्ज झालेला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, बसलेला असतो, आणि जीव घेण्याची ताकद त्याच्यात जास्त आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहिला आहे.

उदाहरण म्हणून ॲपलचे नऊ इंची स्क्रीनचे मॅकिंटॉश घेतो. १९८४चा पहिला मॅकिंटॉश, १९८६चा प्लस, १९८७चा एसई, १९८९चा एसई/३० आणि १९९०चा क्लासिक या सगळ्यांची आतली मांडणी बरीच सारखी आहे. पुढे काळी-पांढरी ट्यूब, बाजूला उभा ॲनालॉग बोर्ड (पॉवर सप्लाय आणि ट्यूब चालवणारं सर्किट), खाली आडवा लॉजिक बोर्ड (खुद्द कॉम्प्युटर). ट्यूब, पॉवर सप्लाय आणि कॉम्प्युटर हे सगळं एकाच डब्यात दाटीवाटीने बसवलेलं असल्यामुळे मेमरी बदलायलासुद्धा हात ट्यूबच्या मानेजवळूनच, म्हणजे मागच्या बारीक काचेच्या नळीजवळूनच, न्यावा लागतो. कमोडोर पेट, टीआरएस-८० मॉडेल थ्री किंवा केप्रो असा ट्यूबवाला दुसरा जुना कॉम्प्युटर हाती आला तरी तत्त्वं हीच लागू पडतात.

धोका नेमका कुठे

आधी थोडं गणित करू, कारण ते डोक्यात असलं की हात आपोआप योग्य जागी थांबतो.

पिक्चर ट्यूब स्वतःच एक कपॅसिटर असते. काचेच्या आतल्या बाजूला वाहक थर, बाहेरच्या बाजूला काळा ग्राफाइटचा थर आणि मध्ये काच. नऊ इंची ट्यूबची क्षमता साधारण ५०० पिकोफॅरड धरली आणि ॲनोडला, म्हणजे ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकाला, १२,००० व्होल्ट असले, तर साठलेली ऊर्जा येते सुमारे ०.०३६ ज्यूल. आता पॉवर सप्लायचा मुख्य फिल्टर कपॅसिटर बघा. आपल्याकडचे २३० व्होल्ट एसी त्याचं डीसी करणाऱ्या डायोड ब्रिजमधून गेले की कपॅसिटरवर शिखराचे ३२५ व्होल्ट डीसी जमतात. कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा असेल तर ऊर्जा होते साडेअकरा ज्यूलच्या वर. म्हणजे ट्यूबच्या तीनशेपट, आणि तीही दिसायला अंगठ्याएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात.

हा झाला प्लग काढल्यानंतरचा हिशोब. प्लग जोडलेला असताना त्याच भागात जे आहे ते कपॅसिटरचं साठवलेलं पाणी नसून नळच उघडा आहे, कारण मागे आख्खी महावितरण उभी असते. ५० हर्ट्झच्या एसीमध्ये साधारण १० मिलिॲम्पिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि पकड सुटत नाही. ३० मिलिॲम्पिअरच्या वर करंट छातीतून काही क्षण वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. घामेजलेल्या हाताने २३० व्होल्ट पकडले तर यापेक्षा जास्त करंट सहज वाहतो.

मग ट्यूबचा शॉक किरकोळ समजायचा का? अजिबात नाही. तो क्षणार्धात संपतो, धडधाकट माणसाला सहसा मारत नाही, पण हात असा झटकन मागे येतो की तो कुठे आदळेल यावर आपला ताबा राहत नाही. कोपर ट्यूबच्या मानेवर आदळतं आणि मान तुटते, हीटसिंकच्या धारेने हात फाटतो, किंवा मशीन चालू असेल तर तो हात नेमका ३२५ व्होल्टवर जाऊन पडतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं, यात तडजोड नको.

रंगीत ट्यूबची गोष्ट वेगळी. १९९३चा कलर क्लासिक, १९९८चा पहिला आयमॅक, २००२चा सतरा इंची ईमॅक यांच्यात ॲनोडचे व्होल्ट काळ्या-पांढऱ्याच्या सुमारे दुप्पट असतात आणि मोठ्या ट्यूबची क्षमताही जास्त असते. २५,००० व्होल्ट आणि १,५०० पिकोफॅरड धरले तर ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या आसपास जाते, म्हणजे नऊ इंचीच्या बारापटीहून अधिक. पहिलं काम आयमॅकवर शिकू नका.

उघडण्याआधी

भारतात या मशीनबाबत एक सापळा आहे. अमेरिकेतून कुणीतरी बॅगेत घालून आणलेला प्लस बहुतेक १२० व्होल्टचाच असतो. तो २३०च्या सॉकेटला जोडला की मुख्य कपॅसिटर फुटू शकतो, आणि फुटताना तो चेहऱ्याच्या उंचीवर असतो. म्हणून मागचं लेबल वाचा. एसई आणि एसई/३०चे पॉवर सप्लाय दोन्ही व्होल्टेज आपोआप घेतात, पण तरीही लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. बोर्ड आधी कुणी बदललेला असू शकतो, म्हणून डबा उघडल्यावर बोर्डावरची खूणही तपासा.

१२० व्होल्टच्या मशीनसाठी लोक बाजारातला स्वस्त स्टेप-डाऊन कन्व्हर्टर आणतात. मशीन चालवायला तो चालतो, पण त्यातले बहुतेक ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्यात इनपुट आणि आउटपुट एकाच वाइंडिंगवर असतात, त्यामुळे मशीन मेन्सपासून वेगळं होत नाही. फेज-न्यूट्रल उलटे झाले, तर ११० व्होल्टच्या तारेलाही जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट असू शकतात. दुरुस्तीच्या टेबलावर खरा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास तो मिळतो किंवा बनवून देतात. मॅकला १०० ते १५० व्हीएचा पुरतो.

घराच्या वायरिंगबद्दल दोन गोष्टी. जुन्या घरांत भिंतीवरचा स्विच कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. स्विच बंद केला तरी फेज मशीनपर्यंत पोचलेलाच असतो. म्हणून "स्विच बंद केला" ही खात्री नव्हे. प्लग सॉकेटमधून बाहेर आणि पॉवर कॉर्ड मशीनमधून बाहेर, दोन्ही डोळ्यांना दिसलं पाहिजे. मॅक प्लसचा स्वतःचा स्विचही ॲनालॉग बोर्डावरच आहे, कॉर्ड लावलेली असेल तर तो बंद असतानाही त्याच्या टर्मिनलवर मेन्स असतो. दुसरं, टेबलाला वीज देणाऱ्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. पण लक्षात असू द्या, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढे आरसीसीबीला गळती दिसत नाही. ट्रान्सफॉर्मर लावल्यावर एका तारेला चुकून हात लागला तर तुम्ही वाचता. दोन तारांमध्ये सापडलात तर आरसीसीबी, ट्रान्सफॉर्मर कुणीच वाचवत नाही.

टेबल लाकडी, कोरडं. फरशीवर अनवाणी उभं राहून हे काम करू नका, रबरी चप्पल किंवा रबरी मॅट हवी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात आणखी सांभाळा. दमट हवेत ॲनोडच्या रबरी टोपीखाली धूळ आणि ओल मिळून एक वाट तयार होते, आणि त्या वाटेने उच्च दाब बाहेर रेंगाळतो. अंधारात जांभळट उजेड दिसला किंवा चरचर ऐकू आली तर ती हीच गळती. अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र काढून ठेवा. वाकून काम करताना गळ्यात लोंबणारं सोनं सरळ बोर्डावर टेकतं.

एकटे असताना चालू मशीनमध्ये हात घालू नका. घरात जे असेल त्याला आधी सांगून ठेवा की मला शॉक लागला तर मला शिवायचं नाही, आधी मेन स्विच पाडायचा.

न उघडता होणारी तपासणी

बरेच जण पहिल्यांदा डबा उघडायचा टॉर्क्स पाना शोधतात. माझं मत आहे की आधी बाहेरूनच मोजा, कारण न उघडलेल्या डब्यात शॉक लागत नाही. मागे बाहेरच्या फ्लॉपी ड्राइव्हचं १९ पिनांचं सॉकेट असतं. रुंद ओळ वर धरून समोरून पाहिलं तर उजव्या टोकाला १ नंबर. १ ते ४ ग्राउंड, ५ वर उणे १२, ६ वर ५ व्होल्ट, ७ आणि ८ वर १२ व्होल्ट. मल्टीमीटरची काळी पिन १ला आणि लाल ६ला लावून मशीन चालू असताना मोजा. ५ व्होल्टच्या अगदी जवळ आकडा हवा. ४.८च्या खाली गेला की मशीन रीसेट मारत राहतं, स्क्रीनवर पट्टे येतात, आणि लोक विनाकारण लॉजिक बोर्डाला दोष देतात. पिन बारीक असतात, ५ आणि ६ शेजारी आहेत, तेव्हा मीटरच्या टोकाला स्लीव्ह चढवून फक्त अग्र उघडं ठेवा.

दुसरी तपासणी कानाची. सुरू करताच फ्लप-फ्लप असा ठेका ऐकू आला तर पॉवर सप्लाय ओव्हरलोड होऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय. फ्लायबॅक, म्हणजे ट्यूबचा उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, आपल्या टीव्ही मेकॅनिकचा ईएचटी, शॉर्ट असेल तर असंच होतं. चित्राची एकच उभी रेघ झाली, किंवा डब्यावर थाप मारल्यावर चित्र परत येत असेल, तर योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या) कनेक्टरवर ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड, असण्याची शक्यता फार मोठी. १२८के (म्हणजे १९८४चा पहिला मॅक), ५१२के आणि प्लसमध्ये पंखाच नाही. सगळी उष्णता वरच्या फटींमधून आपली आपण बाहेर जायची, आणि ॲनालॉग बोर्ड वर्षानुवर्षं त्या उष्णतेत भाजतो. एसईमध्ये पंखा आला.

डबा उघडणं

कॉर्ड काढा. कीबोर्ड, माउस काढा. मशीन निदान अर्धा तास तसंच राहू द्या. त्याने धोका जातो असं नाही, कमी होतो.

स्क्रू टॉर्क्स टी-१५. वरचे दोन हँडलच्या खोबणीत खोल असतात, तिथे साधा छोटा पाना पोचत नाही, लांब दांड्याचाच हवा. खाली पोर्टांजवळ दोन. १२८के, ५१२के आणि प्लसमध्ये पाचवा बॅटरीच्या झाकणाआड असतो, तो विसरून डबा ओढला की प्लॅस्टिक तडकतं. मशीन स्क्रीन खाली करून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि मागचं कव्हर सरळ वर उचला. वाकडं उचललं तर त्याची कड मानेवरच्या छोट्या बोर्डाला लागते, आणि काचेची मान तिथेच संपते. पहिल्या मॅकच्या कव्हरच्या आतल्या बाजूला ते बनवणाऱ्या चमूच्या सह्या प्लॅस्टिकमध्ये उमटवलेल्या आहेत. कव्हर उचलल्यावर त्या जरूर पाहा, पण कव्हर बाजूला ठेवून झाल्यावर.

आता चष्मा घाला. काम करताना घालायचा गॉगल, नंबरचा नव्हे. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. समोरच्या काचेला पोलादी पट्टा असतो, मानेला काही नसतं.

या टप्प्यावर ठरवा की काम कशाचं आहे. मेमरी वाढवायची असेल, लॉजिक बोर्डावरचे गळके कपॅसिटर बदलायचे असतील, किंवा एसई/३०च्या बोर्डावरची गळण्याच्या बेतात असलेली ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी काढायची असेल, तर ट्यूबला हात लावायची गरजच नाही. केबल काढा, लॉजिक बोर्ड सरकवून बाहेर घ्या, ॲनालॉग बोर्डाच्या बाजूला हात नेऊ नका. ॲनोडची टोपी काढावी लागते ती ॲनालॉग बोर्ड बाहेर काढायचा असेल तेव्हा.

अँटी-स्टॅटिक मनगटपट्टा आत्ता घालायचा नाही. तो शरीराला अर्थिंगला बांधतो, आणि उच्च दाबाजवळ काम करताना नेमकं तेच नको असतं. त्यातला एक मेगाओहमचा रेझिस्टर बारा हजार व्होल्टसाठी बनवलेला नसतो. लॉजिक बोर्ड वेगळ्या टेबलावर गेला की मग पट्टा घाला.

ट्यूब डिस्चार्ज करणं

यासाठीचं हत्यार आधी नीट तयार करा. सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे ४० किलोव्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोब. त्याच्या आत फार मोठा रेझिस्टर असल्यामुळे तो चार्ज उतरवतोही आणि मीटरवर दाखवतोही, म्हणजे अंदाजावर काम राहत नाही. तो नसेल तर प्लॅस्टिकच्या लांब मुठीचा, पातळ आणि लांब पात्याचा स्क्रूड्रायव्हर, जाड इन्सुलेशनची तार, एका टोकाला मगरक्लिप, आणि मध्ये १० मेगाओहमच्या आसपासचा उच्च व्होल्टेजचा रेझिस्टर. दुकानात मिळणारा पाव वॅटचा एकच रेझिस्टर लावू नका. तो साधारण २५० व्होल्टपुरताच असतो, ठिणगी त्याच्या अंगावरून उडी मारून पलीकडे जाते आणि रेझिस्टर असून नसल्यासारखा होतो.

क्लिप कुठे लावायची यावर लोक घाई करतात. जवळ दिसणाऱ्या चॅसिसच्या पत्र्याला लावतात. योग्य जागा म्हणजे ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या थराचा ग्राउंड. काही मशीनमध्ये ट्यूबच्या पाठीवर विणलेली उघडी तार ताणलेली असते, काहींत ट्यूबच्या कोपऱ्यातल्या धातूच्या लगवर तार येते. मानेवरच्या बोर्डावरून निघालेली ग्राउंडची तार धरून मागे गेलात की ती जागा सापडते. ट्यूबचा चार्ज या थरात आणि ॲनोडमध्ये साठलेला आहे, म्हणून तो याच दोघांमध्ये उतरवायचा. चॅसिसवर उतरवला तर तो झटका लॉजिक बोर्डाच्या ग्राउंडमधून वाट काढू शकतो आणि तुमची चिप घेऊन जातो.

मशीन उभं करा, पाठ तुमच्याकडे. आधी क्लिप ग्राउंडला, मगच दुसरं टोक हातात. क्रम उलटा झाला तर तार तुमच्या हातात असताना जिवंत होते. डावा हात पाठीमागे किंवा खिशात. फ्लायबॅकपासून निघालेली जाड तार ट्यूबवरच्या रबरी टोपीपर्यंत डोळ्यांनी शोधा. पातं काचेला जवळजवळ समांतर ठेवून टोपीच्या ओठाखाली सरकवा, आतल्या धातूच्या क्लिपला टेकेपर्यंत. जोर लावायचा नाही. टेकल्याचं हाताला कळतं, एक बारीक कट्ट जाणवतं. रेझिस्टर मध्ये असेल तर आवाज बहुतेक येत नाही. नसेल आणि चार्ज असेल तर चांगला मोठा टक्क येतो आणि निळी ठिणगी दिसते. दहा सेकंद तसंच धरून ठेवा.

मग थांबा. पाच-दहा मिनिटं. आणि हेच पुन्हा करा. काचेने शोषून घेतलेला चार्ज हळूहळू परत वर येतो, म्हणून एकदा रिकामी केलेली ट्यूब दहा मिनिटांनी पुन्हा चिमटा काढू शकते. नंतरच्या काही ॲनालॉग बोर्डांवर ब्लीडर रेझिस्टर आहे, तो मशीन बंद केल्यावर ट्यूब स्वतःहून रिकामी करतो. पण तुमच्या बोर्डावर तो आहे का, आणि तीस-चाळीस वर्षांनी शाबूत आहे का, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी डिस्चार्ज करायचाच.

टोपी काढताना रबर एका बाजूने दुमडा. आत दोन आकड्यांची (हुकांची) स्प्रिंग क्लिप दिसेल, ती दाबून एक आकडा छिद्रातून सोडवा, मग दुसरा. काचेला टेकू देऊन उचकटू नका. टोपी निघाल्यावर काचेतल्या उघड्या धातूच्या छिद्राला हत्यार आणखी एकदा टेकवा. बोर्ड बरेच दिवस बाहेर राहणार असेल तर त्या छिद्रापासून ग्राउंडपर्यंत एक तार टेपने बांधून ठेवा.

मानेवरचा बोर्ड काढताना दोन्ही कडा धरून सरळ मागे ओढा, न वळवता, न हलवता. अडकला तर थोडा इकडून, थोडा तिकडून, मिलिमीटरने. या नळीच्या टोकाला पिनांच्या मध्ये काचेचं बारीक टोक असतं, निर्माण करताना हवा काढून तिथे ती बंद केलेली असते. ते टोक मोडलं तर हळूच एक फुस्स ऐकू येतं आणि ट्यूब कायमची गेली. या ट्यूब आज नव्या बनत नाहीत, दुसरी ट्यूब म्हणजे दुसरं मशीन बळी देणं.

मुख्य कपॅसिटर

ट्यूबपाशी एवढी काळजी घेऊन थकलेला माणूस ॲनालॉग बोर्ड सोडवतो आणि उचलताना पाठीमागून तळहाताने धरतो. मागे सोल्डरचे शेकडो टोकदार ठिपके असतात, त्यातले दोन ३२५ व्होल्टचे. बोर्ड कायम कडांनी धरायचा, कपॅसिटर रिकामा झाल्याचं मीटरने दाखवेपर्यंत.

मेन्स जिथून आत येते तिथून सुरुवात करा. फ्यूज, गुंडाळी, डायोडचा ब्रिज आणि त्यानंतरचा मोठा, २०० ते ४०० व्होल्ट छापलेला कपॅसिटर. एसई आणि एसई/३०मध्ये हे सगळं वेगळ्या पत्र्याच्या डब्यात आहे, तो डबा उघडायची गरज नसेल तर उघडूच नका. प्लसमध्ये आणि क्लासिकमध्ये मात्र पॉवर सप्लाय आणि ट्यूबचं सर्किट एकाच बोर्डावर आहे.

आधी मल्टीमीटर बॅटरीवर लावून तो चालतो हे पाहा. मग १,००० व्होल्ट डीसीच्या रेंजवर कपॅसिटरच्या दोन टोकांत मोजा. व्होल्टेज दिसलं तर ४.७ किलोओहमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर, पायांवर स्लीव्ह चढवून आणि लांब इन्सुलेटेड पकडीने, टोकांना दहा सेकंद लावा. २२० मायक्रोफॅरड असेल तर पाच सेकंदांत तो रिकामा होतो. पुन्हा मोजा. ५ व्होल्टच्या खाली आला पाहिजे. त्यानंतर मीटर परत बॅटरीवर लावून बघा, मधल्या वेळात मीटरची वायर तुटली असेल तर "शून्य" खोटं असतं.

स्क्रूड्रायव्हरने टोकं शॉर्ट करणं ही जुन्या टीव्ही दुकानातली सवय आहे. साडेअकरा ज्यूल एका क्षणात सुटले की तांब्याची पट्टी उडते, वितळलेल्या धातूचे कण डोळ्यात जातात, कपॅसिटरही आतून दुखावतो. हे करणारे बरेच जुने हात मी पाहिले आहेत, त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरंही तेच करतात. थांबवलं पाहिजे.

आणखी एक, मेन्सच्या तोंडाशी काही बोर्डांवर पिवळसर पारदर्शक आवरणाचा कागदी कपॅसिटर असतो. त्यावर केसासारख्या भेगा दिसल्या तर तो ओल शोषून बसला आहे. चालू करताच तो फुटून खोलीभर घाण वासाचा धूर करतो. एक्स-२ वर्गाच्या, म्हणजे मेन्सवर थेट लावायला बनवलेल्या, नव्या कपॅसिटरने बदला, साधा फिल्म कपॅसिटर तिथे चालत नाही.

आता ड्राय सोल्डर. भिंग घेऊन योक कनेक्टरच्या चार पिनांभोवती पाहा. पिन आणि सोल्डर यांच्यामध्ये करडी बारीक वर्तुळाकार रेघ दिसते, कधी नखाने पिन ढकलली की ती उघडते-मिटते. जुनं सोल्डर शोषून काढा आणि नवं भरा, नुसतं वरून वितळवू नका. फ्लायबॅकचे पाय आणि लोड घेणारे मोठे डायोड यांनाही त्याच बैठकीत नवं सोल्डर द्या.

चालू मशीनवर मोजणं

शक्य असेल तोवर टाळा. टाळता येत नसेल तर नियम कडक. मशीन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर. मोजण्याच्या क्लिपा वीज बंद असतानाच लावायच्या, मग हात काढून घ्यायचे, मग वीज चालू. जागा बदलायची तर पुन्हा बंद, पुन्हा डिस्चार्ज. हात घालावाच लागला तर एकच.

ऑसिलोस्कोप वापरणाऱ्यांसाठी विशेष: पॉवर सप्लायच्या प्रायमरी बाजूचा "ग्राउंड" हा ग्राउंड नसतो. तो ब्रिजच्या उणे टोकाला असतो, म्हणजे मेन्सलाच जोडलेला. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप अर्थिंगला असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय ती तिथे लावली की मेन्स अर्थिंगवर शॉर्ट होतो, ठिणगी, उडालेला बोर्ड आणि कदाचित तुटलेला स्कोप. स्कोपची अर्थिंग पिन कापून "सोय" करणारे असतात. मग स्कोपच्या पत्र्याच्या डब्यालाच मेन्स येतो. कधीही नाही.

ब्राइटनेस, फोकस, रुंदी जुळवताना प्लॅस्टिकचं ॲडजस्टर वापरा. रुंदीच्या कॉइलमध्ये लोखंडी ॲलन की घातली तर ती तापते आणि फेराइटचा गाभा फुटतो. मशीनच्या पुढे एक आरसा उभा करा, म्हणजे मागे उभं राहून स्क्रीन दिसते आणि मशीनवरून वाकून पाहावं लागत नाही. वाकताना छाती आणि हनुवटी कुठे टेकते हे कळत नाही. मानेवरच्या बोर्डावरही शेकडो व्होल्ट असतात, तिथे बोट "फक्त हलवून बघायला" नको.

शॉक लागलाच तर

जवळच्या माणसाने आधी मेन स्विच पाडायचा किंवा प्लग ओढायचा. ते जमत नसेल तर सुक्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने माणसाला दूर ढकलायचं, हाताने नाही. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ किंवा ११२ला फोन आणि लगेच छातीच्या मध्यावर जोरात, जलद दाब, मिनिटाला शंभर ते एकशे वीस, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी मेन्सचा शॉक एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल, चक्कर आली असेल, छातीत धडधडत असेल किंवा भाजल्याची खूण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढा. त्वचेवरची खूण छोटी असते, आतली इजा मोठी असू शकते.

परत जोडणी आणि पहिली सुरुवात

मानेवरचा बोर्ड सरळ बसवा, ॲनोडची टोपी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेल्या सुक्या काचेवर बसवा, दोन्ही आकडे आत गेल्याची खात्री करा. अल्कोहोल पूर्ण उडू द्या. ट्यूबच्या ग्राउंडची तार विसरलात तर चार्ज स्वतःची वाट शोधतो, ती तार दोनदा तपासा. रेझिस्टरची तार, छिद्राला टेपने बांधलेली तार, सुटलेले स्क्रू बाहेर आहेत ना, मोजून बघा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा. ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब फेजमध्ये ओळीत. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच भगभगीत पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. बल्ब म्हणजे संरक्षण आहे असं समजून आत हात घालू नका, बल्बच्या पलीकडेही शॉक पूर्ण ताकदीचा असतो.

बल्ब मंद राहिला तर तो काढून मशीन सरळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर लावा, फ्लॉपी पोर्टवर ५ आणि १२ मोजा, आणि कव्हर लावूनच तासभर चालू ठेवा. कव्हर न लावता गरम केलेला प्लस खोटं बोलतो, कारण त्याची हवा वाहण्याची वाट कव्हरनेच तयार होते. तासाभराने व्होल्ट पुन्हा मोजा. ५ व्होल्ट घसरलेला दिसला तर कॉर्ड काढा, अर्धा तास थांबा, आणि डिस्चार्जपासून पुन्हा सुरू करा.